आईचा गुडघा, बहात्तर तास आणि मेडिकेअरचा कायदा

रात्री तीनच्या सुमारास आई उठून बसली आणि म्हणाली, "माजघरातला दिवा लाव गं, परसदारी जायचंय." न्यू जर्सीतल्या आमच्या अपार्टमेंटला ना माजघर आहे, ना परसदार. ती बोलत होती ते घर चिपळूणजवळच्या गावातलं, आणि ते पाडूनही वीस वर्षं झाली. आदल्याच दिवशी तिचा उजवा गुडघा बदलला होता. वॉकर भिंतीशी तसाच राहिला आणि ही पाय खाली टाकून उभी राहायला निघाली. मी खाली गादी टाकून झोपले होते, म्हणून धरता आलं.

सकाळी तिला यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. फोनवर डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "झोपताना कोणती गोळी दिली?" ऑक्सिकोडोन ही वेदनाशामक गोळी दिली होती. ती तिथल्या तिथे बंद करायला सांगितली.

खरं तर सर्जनने दोन औषधं लिहून दिली होती. मुख्य गोळी होती ती २०२५ मध्ये बाजारात आलेली, ओपिऑइड (अफूच्या कुळातलं औषध) नसलेली. ऑक्सिकोडोन होती ती 'अगदीच सहन झालं नाही तर' म्हणून. फार्मसीच्या काउंटरवर ऑक्सिकोडोनची नारिंगी बाटली तीन डॉलरांत आणि पाच मिनिटांत हातात पडली. नव्या गोळीपुढे मात्र 'पेंडिंग' असं लिहून आलं होतं. आईच्या औषधांच्या विमा-प्लॅनची पूर्वपरवानगी हवी होती. शुक्रवारची संध्याकाळ होती.

जिने चटक लागू शकते, श्वास मंदावू शकतो, म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं करू शकतं ती गोळी स्वस्त आणि मोकळी. जिने तसं होण्याची भीती कमी, ती महाग आणि कुलपात. हे असं का, याचा शोध घेताना अमेरिकेतला एक झालेला कायदा आणि एक न झालेला कायदा माझ्या समोर आला. दोन्ही मेडिकेअरचे, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचे आहेत. ते समजले तर इथे आई-वडील असलेल्या कुणालाही उपयोग होईल, म्हणून जमेल तितकं सोपं करून लिहिते आहे.

दुखणं कुठे अडवायचं

ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातली औषधं. मॉर्फिन आणि कोडीन थेट अफूच्या बोंडातून मिळतात, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही त्यांचीच रासायनिक प्रक्रिया करून घडवलेली भावंडं आणि फेंटानिल पूर्णपणे प्रयोगशाळेत बनतं.

जखम झाली की तिथल्या नसा मज्जारज्जूकडे निरोप धाडतात, तिथून तो मेंदूत जातो आणि मग आपण 'आई गं' म्हणतो. ओपिऑइड औषधं मुख्यतः या वाटेच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करतात. दुखणं कमी होतं हे खरं, पण ज्या ठिकाणी ही औषधं जाऊन बसतात त्याच ठिकाणांचा श्वासाशी, जागं राहण्याशी, आतड्यांच्या हालचालीशी आणि सुखाच्या भावनेशीही संबंध असतो. त्यामुळे गुंगी येते, पोट साफ होत नाही, श्वास मंदावतो आणि काहींना चटक लागते.

पंचाहत्तरीच्या शरीरात हे सगळं जास्त जोरात होतं. मूत्रपिंड आणि यकृत सावकाश काम करतात, म्हणून औषध अंगात रेंगाळतं. त्यात झोपेची गोळी चालू असली तर श्वासाचा धोका वाढतो. तोल जातो. म्हातारपणी एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वृद्धांचा मेंदू तसाही नाजूक असतो. माजघर आठवायला एवढं पुरतं.

मग ओपिऑइड नसलेले उपाय कोणते? पॅरासिटामॉल, जिला इथे सगळे टायलेनॉल म्हणतात. आयब्युप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या. पण इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. ओपिऑइड नाही म्हणजे निर्धोक, असं मुळीच नाही. आयब्युप्रोफेनच्या घरातल्या गोळ्यांनी वृद्धांच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. पॅरासिटामॉलचीही दिवसाची मर्यादा असते, ती ओलांडली तर यकृताला इजा होते.

तिसरा उपाय म्हणजे जागच्या जागी नस बधिर करणं. दाढ काढताना देतात तशीच भूल, पण जास्त टिकणारी. बुपिव्हाकेन हे भुलीचं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पुड्यांत भरून शस्त्रक्रियेच्या जागी टोचतात, ते हळूहळू सुटत राहतं. एक्स्पारेल या नावाने त्याला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली.

आणि चौथी ती आमची 'पेंडिंग' गोळी, सुझेट्रिजीन. व्हर्टेक्स कंपनीच्या या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, ३० जानेवारी २०२५ रोजी मान्यता दिली. जर्नाव्हॅक्स हे तिचं बाजारातलं नाव. नसेतून निरोप पुढे सरकतो तो सोडियमच्या कणांच्या ये-जा करण्याने, आणि त्यांच्यासाठी नसेच्या आवरणात बारीक दारं असतात. त्यांतलं नाव्ह १.८ नावाचं दार मुख्यतः दुखण्याचा निरोप नेणाऱ्या, मेंदूबाहेरच्या नसांमध्ये असतं. सुझेट्रिजीन तेवढंच दार लावून घेते. निरोप वाटेतच थांबतो, मेंदूला हात लागत नाही, म्हणून अफूसारखी चटक लागण्याचं कारण उरत नाही.

चमत्कार मात्र समजू नये. पोटाच्या आणि पायाच्या शस्त्रक्रियांनंतरच्या चाचण्यांत ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरली नाही. मान्यता आहे ती अचानक उद्भवलेल्या, थोड्या दिवसांच्या मध्यम ते तीव्र दुखण्यासाठी. वर्षानुवर्षं ठणकणाऱ्या कमरेसाठी नाही. ग्रेपफ्रूट खाऊन ती घ्यायची नाही आणि काही बुरशीविरोधी, प्रतिजैविक औषधांसोबत ती अजिबात चालत नाही.

ताटामागे ठरलेला दर

आता पैशाकडे येऊ, कारण घोडं पेंड खातं ते तिथेच.

मेडिकेअर ही ६५ वर्षांवरच्यांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना, १९६५ पासूनची. तिचे कप्पे आहेत. हॉस्पिटलात रीतसर भरती झालात तर 'पार्ट ए'. डॉक्टरची फी आणि भरती न होता झालेले उपचार 'पार्ट बी'. फार्मसीतून घरी आणायच्या गोळ्या 'पार्ट डी', आणि हा कप्पा सरकारच्या नियमांखाली खासगी कंपन्या चालवतात. गुडघा बदलायचं ऑपरेशन पूर्वी मेडिकेअर फक्त भरती रुग्णासाठीच मान्य करायची. २०१८ पासून ती अट गेली, आणि आता कित्येक जण सकाळी गुडघा बदलून संध्याकाळी घरी येतात. आईही तशीच आली.

अशा ऑपरेशनसाठी मेडिकेअर हॉस्पिटलला एकगठ्ठा रक्कम देते. लग्नात केटररशी ताटामागे दर ठरवतात, तसंच. दर ठरला की त्यात काय वाढायचं ते केटररचं. आमटीत काजू घातले तर पैसे त्याच्या खिशातून जाणार, म्हणून तो काजू घालत नाही. हॉस्पिटलचंही तेच होत होतं. ओपिऑइड गोळ्या आणि इंजेक्शनं किरकोळ किमतीची, त्या एकगठ्ठा रकमेत सहज बसायची. जास्त काळ टिकणारी भूल वापरली तर शेकडो डॉलर हॉस्पिटलच्या पदरचे. यात कुणी दुष्ट असायची गरज नव्हती. हिशोबच असा मांडला होता की कल आपोआप ओपिऑइडकडे जायचा.

नोपेन कायदा आला तो हा हिशोब बदलायला. 'नॉन-ओपिऑइड्स प्रिव्हेंट ॲडिक्शन इन द नेशन' या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. सिनेटमध्ये त्यामागे होते वेस्ट व्हर्जिनियाचे दोन्ही सिनेटर, रिपब्लिकन शेली मूर कॅपिटो आणि तेव्हा डेमोक्रॅट असलेले जो मॅन्चिन. हे राज्य कोणतं ते पाहिलं की दोन पक्ष एकत्र का आले ते कळतं. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन (ऑक्सिकोडोनचीच सावकाश सुटणारी गोळी) बाजारात आल्यानंतर कोळशाच्या खाणींच्या या डोंगराळ प्रदेशात पाठदुखीच्या गोळ्यांनी घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, आणि अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंच्या दरात वेस्ट व्हर्जिनिया वर्षानुवर्षं देशात सर्वांत वर राहिलं. सगळ्या देशाचा विचार केला तर २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी औषधांच्या आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक ओपिऑइडमुळे. आज त्यात चोरट्या फेंटानिलचा वाटा सर्वांत मोठा आहे, पण या संकटाची सुरुवात प्रिस्क्रिप्शनच्या बाटलीतून झाली होती.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी खर्चाच्या मोठ्या विधेयकात हा कायदा घालून मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मूळ कल्पना एवढीच की मान्यताप्राप्त बिगर-ओपिऑइड औषध किंवा उपकरण वापरलं तर त्याचे पैसे ताटाच्या दराबाहेर, वेगळे मिळतील. यालाही मर्यादा आहे. ज्या ऑपरेशनांमध्ये ते वापरलं जातं त्यांच्या सरासरी दराच्या १८ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मिळत नाही. पहिल्या वर्षीच्या यादीत सहा औषधं आणि पाच उपकरणं होती. उपकरणं म्हणजे उदाहरणार्थ फुग्यासारखा छोटा पंप, जो बारीक नळीतून दोन-तीन दिवस भूल थेंबथेंब सोडत राहतो.

आईच्या गुडघ्यात तसंच एक लांब टिकणारं इंजेक्शन दिलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी ती चक्क उशीला टेकून बसून पेज प्यायली आणि "एवढंच असतं होय?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी भूल उतरत गेली आणि ठणका सुरू झाला. तिथून पुढचा सगळा मामला 'पार्ट डी'चा होता, आणि नोपेन कायदा त्या दारापाशी थांबतो.

त्याची हद्द एवढीच आहे: हॉस्पिटलचा बाह्यरुग्ण विभाग आणि स्वतंत्र सर्जरी सेंटर. भरती झालेला रुग्ण त्यात येत नाही, घरी न्यायची गोळीही येत नाही. शिवाय मेडिकेअरचे निम्म्याहून जास्त लोक आता खासगी 'मेडिकेअर ॲडव्हांटेज' प्लॅनमध्ये आहेत आणि तिथे हॉस्पिटलला काय मिळतं ते प्लॅन आणि हॉस्पिटलच्या आपसांतल्या करारावर ठरतं. आणि कायद्याची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच आहे.

बहात्तर तास

सुझेट्रिजीनची ५० मिलिग्रॅमची एक गोळी, कंपनीच्या घाऊक दराने, २०२५ मध्ये साडेपंधरा डॉलरची होती. सुरुवातीला दोन, मग दर बारा तासांनी एक, म्हणजे आठवड्याच्या पंधरा गोळ्या. हिशोब २३२ डॉलरवर जायचा. तेवढ्याच दिवसांची जेनेरिक ऑक्सिकोडोन काही डॉलरांत. प्लॅन चालवणाऱ्या कंपनीने महागड्या गोळीपुढे अडथळे उभे केले यात नवल नाही.

हे अडथळे तीन जातींचे असतात. पहिला डिडक्टिबल, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचे अमुक इतके पैसे तुम्ही भरा, मग आम्ही. २०२५ मध्ये तो ५९० डॉलरपर्यंत असू शकत होता, आणि अनेक प्लॅन स्वस्त जेनेरिक गोळ्यांना तो लावतच नाहीत. दुसरा पूर्वपरवानगीचा. तिसरा मला सर्वांत खटकतो: आधी स्वस्तातलं औषध घेऊन बघा, गुण आला नाही किंवा त्रास झाला तरच पुढचं. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यात 'आधीचं स्वस्त औषध' म्हणजे बहुधा ओपिऑइड. म्हणजे ज्या गोष्टीपासून पंचाहत्तरीच्या बाईला वाचवायचं, तिचा आधी अनुभव घ्या, बाधली तर सांगा.

पूर्वपरवानगीचं उत्तर द्यायला 'पार्ट डी'च्या प्लॅनला नियमाने ७२ तास मिळतात. डॉक्टरांनी तातडीचं आहे असं कळवलं तर २४. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, तातडीची मागणी कुणी केलीच नाही. मंजुरी सोमवारी दुपारी आली. प्लॅनने कोणताही नियम मोडला नाही. पण गुडघा बदलल्यावर भूल उतरल्यापासूनचे पहिले दोन-तीन दिवसच सर्वांत वाईट असतात. आईने ते पॅरासिटामॉल, बर्फाची पिशवी आणि दात-ओठ खाऊन काढले. "बाळंतपणं काढलीत, हे काय घेऊन बसलीस," असं मला वर समजावत होती. आपल्या आया सोसतात, पण सोसण्याचा तोटा असतो. दुखतं म्हणून ती पाय वाकवेना, वाकवेना म्हणून गुडघा आखडला, आणि फिजिओथेरपिस्टला तो मोकळा करायला पुढे कितीतरी आठवडे लागले.

न झालेला कायदा म्हणते आहे तो नेमका यासाठी आहे. 'अल्टरनेटिव्ह्ज टू पेन' असं या विधेयकाचं सुटसुटीत नाव. नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन थॉम टिलिस आणि ॲरिझोनाचे डेमोक्रॅट मार्क केली हे त्याचे सिनेटमधले पुरस्कर्ते. आधीच्या काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) ते तडीस गेलं नाही, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. त्यात म्हटलंय की पात्र ठरणाऱ्या बिगर-ओपिऑइड वेदनाशामकांना 'पार्ट डी'त डिडक्टिबल लावू नये, रुग्णाचा हिस्सा सर्वांत खालच्या पायरीचा असावा, पूर्वपरवानगी मागू नये आणि 'आधी ओपिऑइड घेऊन बघा' ही अट घालू नये. ओपिऑइडवर बंदी त्यात नाही. डॉक्टरने दोन गोळ्यांतली एक निवडायची तर ती प्लॅनच्या अडथळ्यांवरून निवडावी लागू नये, एवढंच मागणं आहे.

या विधेयकावर शंका घेणारेही आहेत, आणि त्यांचं सगळं चूक नाही. नव्या औषधांच्या कंपन्यांना यातून मोठा फायदा आहे आणि त्यांनी या कायद्यांसाठी जोर लावला आहे, हे उघड आहे. पूर्वपरवानगी काढून टाकली की किंमत उतरवायला लावणारा एक दबाव जातो, आणि तो पैसा शेवटी सगळ्यांच्या हप्त्यांतून येतो. लांब टिकणाऱ्या बुपिव्हाकेनच्या काही आढावा-अभ्यासांत साध्या, स्वस्त बुपिव्हाकेनपेक्षा म्हणावा तसा फरक दिसलेला नाही. तरीही मी विधेयकाच्या बाजूने आहे. किमतीची घासाघीस मेडिकेअरने कंपनीशी करावी, ती शुक्रवारी संध्याकाळी फार्मसीच्या काउंटरवर म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यावर होऊ नये.

दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहिलेल्याही कितीतरी साध्या गोष्टी आहेत. डायक्लोफेनॅकचं मलम २०२० मध्ये प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळू लागलं. चांगली गोष्ट, पण प्रिस्क्रिप्शन गेलं तसं 'पार्ट डी'चं छत्रही गेलं, कारण दुकानातून थेट घ्यायच्या औषधांना 'पार्ट डी' पैसे देत नाही. लिडोकेनची जास्त शक्तीची पट्टी बहुतेक प्लॅन नागिणीनंतरच्या आगीसाठीच मान्य करतात, गुडघ्यासाठी मागितली तर नकार ठरलेला. जुनाट कंबरदुखीसाठी मेडिकेअर २०२० पासून ॲक्युपंक्चर देते, ९० दिवसांत १२ वेळा, आणि गुण येत असेल तर आणखी ८. गुडघ्यासाठी नाही.

भारतातल्या वाचकांनी यावरून 'ओपिऑइड वाईटच' असा अर्थ काढू नये, ही कळकळीची विनंती. आपल्याकडचं दुखणं उलट्या बाजूचं आहे. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कडक परवान्यांना भिऊन कित्येक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं तळमळत राहिली. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची वाट सोपी केली, तरी मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जे मिळतं ते आडगावच्या रुग्णापर्यंत पोचत नाही. त्या दुखण्याला मॉर्फिनसारखं औषध नाही. तिथेही आणि इथेही, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी कोणती गोळी येणार ते डॉक्टरच्या पेनाआधी कायद्यातल्या एका ओळीने ठरतं.

इथे राहणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आई-वडील व्हिजिटर व्हिसावर असतील तर मेडिकेअरचा प्रश्नच येत नाही. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहून ६५ पूर्ण झाली की ते घेता येतं, पण इथे नोकरी केलेली नसेल तर 'पार्ट ए'चा हप्ता भरावा लागतो. २०२५ मध्ये तो महिना ५१८ डॉलरपर्यंत होता. 'पार्ट डी'चा प्लॅन दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात बदलता येतो, आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर हप्त्याच्या रकमेआधी औषधांची यादी पाहावी. आपल्या राज्यातलं 'शिप' नावाचं समुपदेशन केंद्र यासाठी फुकट मदत करतं.

आईचा डावा गुडघा मार्चमध्ये करायचा आहे. यावेळी मी सर्जनच्या ऑफिसात तीन गोष्टी आधीच लिहून दिल्या: ऑक्सिकोडोनने रात्री भ्रम झाला होता याची तिच्या फाइलवर नोंद करा, भूल उतरल्यावरच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी फार्मसीला पाठवा, आणि पूर्वपरवानगीच्या अर्जावर 'तातडीचं' लिहा. तिथल्या नर्सने कागद वाचला, एकदा आईकडे पाहिलं आणि त्याची झेरॉक्स काढून फाइलच्या अगदी वरती लावली. घरी आल्यावर आईने नारिंगी बाटली माझ्या हातात दिली. उरलेल्या अकरा गोळ्या तिने साडीच्या घडीखाली ठेवल्या होत्या, "लागल्या तर असू देत" म्हणून. त्याच संध्याकाळी आम्ही दोघी जाऊन त्या फार्मसीच्या जुनी औषधं टाकायच्या पेटीत टाकून आलो.